पदकातला जबरजद

बाहेरून दाराला कोयंडा पडला, तसा चुडामण सोनाराच्या गालातला खडा जिभेखाली सरकला. त्यानं तो दाबून धरला आणि मान खाली घालून शेगडी पेटवायला घेतली.

"सुपारी चघळतोयस का रे?" समोर जपमाळ घेऊन बसलेल्या गोदाबाईंनी विचारलं.

"हो बाईसाहेब. सवय."

बुऱ्हाणपुरातल्या मोठ्या घरांची ही रीतच होती. दागिना सोनाराकडे जायचा नाही, सोनारानं दागिन्याकडे यायचं. दार लावून घरातलं कुणीतरी समोर बसायचं. काम संपलं की सोनारानं परातीत हात धुवायचे, धोतर झटकायचं, मग दार उघडायचं. इंग्रजांचा अंमल आला, आगगाडी आली, पण या रीतीला काही धक्का लागला नाही.

एरवी चुडामणला त्याचं काही वाटायचं नाही. आज मात्र सापळ्यात सापडलेल्या उंदरासारखी त्याची गत झाली होती, आणि सापळ्यात तो आपल्या पायांनी आला होता.

हे सगळं बापानं करून ठेवलेलं. उखर्डू सोनाराच्या सचोटीचे गावात गोडवे गायले जायचे. गेल्या पावसाळ्यात त्याला अर्धांगवायू झाला, जीभ जड झाली. मरताना मुलाचा हात धरून तो कसाबसा बोलला, "बाईसाहेबांच्या पदकातला पाचू मी काढला रे. जबरजद बसवला." मग त्यानं पेटीकडे बोट केलं, रडला, आणि पुढं काही त्याला बोलता आलं नाही. पेटीच्या तळाशी चिंधीत बांधलेला एक हिरवा खडा निघाला.

चुडामण चांदीच्या तोड्या-वाळ्यांचा कारागीर. पाचू हाताळायची वेळ त्याच्यावर कधी आलीच नव्हती. जबरजद म्हणजे पाचूच्या नावावर खपवला जाणारा स्वस्तातला हिरवा खडा, एवढंच तो ऐकून होता. चिंधीतला खडा कुणा जाणकाराला दाखवायचीही सोय नव्हती. कुठून आणलास म्हणून विचारलं तर काय सांगणार, कपाळ?

आणि आता गोदाबाईंच्या नातीचं लग्न ठरलं होतं. पदक तिच्याबरोबर जायचं होतं. ते पाहायला वरपक्षाचा पारखी आजच इंदूरहून येणार होता. त्याच्या भिंगाखाली जबरजद सापडला असता तर मेलेला बाप चोर ठरला असता, आणि चुडामणच्या पोरींना जातीत कुणी दारात उभं केलं नसतं. म्हणून पदकाची तुटलेली कडी जोडायला बोलावणं आलं, तेव्हा चिंधीतला खडा गालात धरूनच तो आला.

कडी जोडून झाली. चुडामणनं खाकरून घेतलं.

"बाईसाहेब, खडाबी हलतोय जरा. बसवून देऊ का बराबर?"

"हलतोय?" गोदाबाईंच्या बोटांतली माळ सरकत राहिली. "हलत असेल. दे बसवून."

खडा मुळीच हलत नव्हता. चुडामणनं टोच्यानं त्याच्या भोवतीचं कुंदन उचकटलं. पदक शिंद्यांच्या वेळचं, पण सोनं असं सुटून आलं की कालपरवाच भरलं असावं. त्याला ते बरंच वाटलं. खडा निघाला आणि त्याच्याखालचा हिरवा वर्ख दिसला. अशा वर्खावर बसवला की कुठलाही पोपटी खडा हिरवागार दिसतो. बापानं इतकी वर्षं कशी निभावली, ते चुडामणला तेव्हा कळलं.

त्यानं हळूच वर पाहिलं. गोदाबाईंचे डोळे मिटलेले होते. म्हातारी मुद्दाम तर नाही ना झोपेचं सोंग करत?

पण आता माघार नव्हती. वाफ मारून पुसतात तसा त्यानं खडा तोंडाजवळ नेला. पदकातला आत गेला, जिभेखालचा ओठांवर आला. ओला खडा पंच्यानं पुसून त्यानं वर्खावर ठेवला आणि कुंदन दाबायला घेतलं. कुंदन इतकं वेडंवाकडं बसत होतं की बाप असता तर टपली मारली असती. अखेर शेवटची कड बसली. पदक हिरवंगार दिसत होतं.

झालं. बाप सुटला. चुडामणच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं परातीत हात धुतले आणि धोतर झटकायला उठला.

"राहू दे रे ते," गोदाबाई म्हणाल्या. "बैठ जरा. दार लावायचं मी नव्हतं सांगितलं, त्या कडू गड्याला जुनी खोड आहे. उखर्डूच्या पोरावर कसला पहारा?"

चुडामण बसला.

"तुझ्या बापानं माझा पाचू काढून घेतला होता, बेटा. जबरजद बसवला होता त्याच्या जागी. मला कळलं होतं, पण मी तोंड उघडलं नाही. म्हटलं, बघू, याचं मन कधी याला खातं ते. आजारी पडायच्या आधी आला, पदक उजळून देतो म्हणाला. इथंच बसला होता, तू बसलास तिथं. माझा पाचू परत बसवून गेला, आपला जबरजद घेऊन गेला. नंतर मी खात्रीबी करून घेतली. लई रडत होता रे बिचारा काम करताना."

जिभेखालचा खडा दाबून धरत चुडामणनं पदकाकडे पाहिलं. गोदाबाईंनी ते केव्हाच उचलून तबकात ठेवलं होतं.

बाहेर टांगा थांबला. कडूनं कोयंडा काढून आत डोकावलं. "पारखी आले, बाईसाहेब."

"वर घेऊन ये त्यांना."

गोदाबाईंनी शेजारची थाळी ओढली, मावा जलेबीचा मोठा तुकडा तोडला आणि चुडामणच्या ओठांपाशी धरला.

"लग्नाचं पहिलं गोड तुला. आ कर, बेटा."