कपाटाशेजारची जागा

पारध्यांची देवी लाल फडक्यात राहते आणि तिला बाईचा हात चालत नाही. टेंभुर्णीच्या रस्त्यावरच्या छोट्या चर्चमध्ये पंखा एकच आहे, पुढच्या रांगेवर. दिलप्या पारधी मागच्या उन्हाळ्यात वारला, त्याला मुलगा नव्हता. मागच्या कोपऱ्यातल्या लोखंडी कपाटाची किल्ली पास्टर योसेफ खिशात ठेवतात.

"माय, पुढं पंख्याखाली चल ना. इथं कपाटाला चिकटून काय उकडून घेऊन राह्यली?" दिलप्याच्या मुलीनं विचारलं.

"हळू बोल," झिंगाबाई म्हणाली. "बाप्तिस्म्याच्या दिवशी तुझ्या बापानं आपली देवी पास्टरला दिली. त्यांनी समद्यांसमोर ह्याच्यात ठेवून कुलूप लावलं."

"मंग मागून घे की."

"अन् उचलणार कोण? तू का मी? घरात गडी न्हाई आता. म्हणून येऊन बसते. तेवढीच तिला सोबत."

समोर पास्टर पाहुण्यांना सांगत होते, "त्या मागच्या बाईचा विश्वास बघा. नवरा गेला, पण एक रविवार चुकला नाही. तिच्यासाठी आमेन म्हणा."

सगळे आमेन म्हणाले. झिंगाबाईही म्हणाली, कपाटाकडे तोंड करून.

दिलप्याच्या बाप्तिस्म्याला आलेली माणसं घरी गेली, त्याच संध्याकाळी पास्टरांनी कपाट उघडून ते गाठोडं पूर्णा नदीत टाकलं होतं.