बोल कुणाला?

प्रयोगशाळेत एक जनुक बंद केलेल्या नर उंदरांचे शुक्राणू जोमाने पोहायचे, बीजांडापर्यंत पोचायचे आणि तिथेच घुटमळायचे. बीजांडाशी जोडणारं प्रथिनच त्यांच्यात नव्हतं. नर माशांतही तेच दिसलं. संशोधिकेला मोठा भाऊ आठवला. त्याचे रिपोर्ट कायम चोख, म्हणून मूल नसल्याचं खापर आईने वहिनीच्या माथी फोडलेलं. भावाचा नमुना तपासून तिने त्याचं घर गाठलं. "दादा, त्या उंदरांत-माशांत जे नव्हतं, ते प्रथिन तुझ्यातही नाही." वहिनी हात पुसत स्वयंपाकघरातून बाहेर आली. "मग ताई, मासोळीला कुणी बोल लावतं का हो?" "हे आईला कळायला नको," भाऊ पुटपुटला. वहिनी आल्या पावली आत वळली. तो तिच्या पाठीकडे पाहत राहिला. मग त्याने फोन लावला. "आई, आजवर तिला जे ऐकवलंस, ते आता मला ऐकव."