झाडं धरून उंची

मोजणीदाराने तीन दिवस जंगल तुडवून शिखर मोजलं. ते शेजारच्या जिल्ह्यातल्या शिखरापेक्षा नऊ मीटरने कमी भरलं. जिल्ह्याच्या साहेबांचं तोंड उतरलं. "माथ्यावर झाडं आहेत ना? मग शेंड्यापर्यंत मोजा!"

मोजणीदाराने मान खाली घालून आकडा बदलला. त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही.

महिन्याभरात साहेबांनी नवा हुकूम लिहायला घेतला. पर्यटकांना खालचा देखावा दिसावा म्हणून माथ्यावरची झाडं तोडायची होती.

"तोडू या की, साहेब," मोजणीदार नम्रपणे म्हणाला. "फक्त आपलं शिखर पुन्हा दुसऱ्या नंबरवर जाईल."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं.

आता त्या झाडांना दोन पहारेकरी आहेत आणि दर पावसाळा सरला की साहेब मोठ्या आशेने विचारतात, "काय हो, यंदा डोंगर किती वाढला?"