कप्तान बारा वाजता बोलतो

"जहाज कप्तान चालवत नाई, तं मंग करते काय?" रूपरावांनी विचारलं.

अंगणातल्या कडुनिंबाखाली चौघं बसली होती. खाटेवर नानाजी आणि त्यांची मुलगी जागृती. समोर खुर्चीत शेजारचे रूपराव. खाली लसूण सोलत त्यांची बायको शोभाबाई. जागृती मोठ्या प्रवासी जहाजावर खोल्या आवरायचं काम करायची. उद्या सकाळी ती परत निघणार होती. तिच्या आईला, सुलोचनाला, जाऊन एकवीस दिवस झाले होते.

"चाक दुसराच माणूस धरते, काका. कप्तान बाजूले उभा राह्यते. पाह्यते."

"म्हणजे कंडक्टर!"

"कंडक्टर तरी तिकीट फाडते," शोभाबाई म्हणाल्या. "हा तं तेही करत नाई."

जागृती हसली. घरी आल्यापासून पहिल्यांदाच. नानाजींनी ते पाहिलं आणि पाय वर घेऊन ते नीट बसले.

"पण लोक त्याच्यासंग फोटो काढतात," ती म्हणाली. "म्हाताऱ्या बाया रांग लावतात. उतरताना सगळ्यायले कागद भरून द्या लागते, काय आवडलं म्हणून. जेवण, गाणे, पोहायचा टाका, समदं लिहितात. अन् सगळ्यात वर लिहितात, कप्तान."

"दिसाले देखणा असंन."

"टक्कल हाय, काकू. अन् पोट काकाएवढं."

"मंग माह्यासंगही काढा नं एखांदा फोटो," रूपराव म्हणाले. "चाळीस वर्षं झाले, हिनं काई रांग लावली नाई."

शोभाबाईंनी लसणाचं साल त्यांच्याकडे फेकलं.

"मंग लोकायले त्याचं आवडते काय?" नानाजींनी विचारलं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

जागृतीनं थोडा विचार केला. "तो रोज दुपारी बारा वाजता स्पीकरवर बोलते, बाबा. आपण कुठं हावो. खाली पाणी किती खोल हाय. हवा कशी हाय. दोनच मिनिटं बोलते. पण लोक हातातला घास थांबवून ऐकतात."

"अन् वादळ असलं तं?"

"तेही सांगते. याच्या आधीचा कप्तान म्हणे, काई नाई, समदं बरोबर हाय. अन् इकडं टेबलावरच्या पलेटा घसरून राह्यल्या. लोक रडाले लागत. त्यायले वाटे, हा लपवून राह्यला. हा कप्तान म्हणते, सहा तास जहाज हालन. लय हालन. उलट्या होतीन. जहाज बुडत नाई, पण चालताना कठडा धरा. मंग लोक कठडा धरतात अन् गप्पा मारत बसतात."

"एवढंच?" रूपराव म्हणाले.

"एवढंच."

"आपल्या इकडं असं कोनी सांगत नाई, बाप्पा," शोभाबाई म्हणाल्या. "माणूस गेला तरी फोनवर सिरियस हाय म्हणतात. येणाऱ्याचे हातपाय वाटेतच गळू नये म्हणून. ऐकणाऱ्यानं समजून घ्या लागते."

बोलून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं. लसणावरचा हात थांबला.

"मी नाई समजली, काकू," जागृती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. फोनच्या कव्हरमधून तिनं एक घडी घातलेला कागद काढला. "चार दिवस किनारा नोता. जहाजावरच्या डॉक्टरनं मले लिहून देल्लं, आईच्या डॉक्टरले काय काय विचारायचं. अकरा प्रश्न हाय."

रूपराव उठले. शोभाबाईंनी लसणाचं सुपडं उचललं आणि नवऱ्याच्या मागं निघाल्या.

जागृतीला तो फोन नानाजींनी स्वतःच केला होता. काय बोलायचं ते भोवती जमलेल्या लोकांनी सांगितलं होतं. आई सिरियस हाय, निघून ये. तेव्हा सुलोचना समोरच्या खोलीत पांढऱ्या कापडाखाली होती. सहाव्या दिवशी जागृती दारात आली, तर भिंतीवर आईचा फोटो लागलेला. त्याबद्दल ती आजपर्यंत एक शब्दही बोलली नव्हती. नानाजींना धास्ती होती ती पुढची. उद्यापासून समुद्रावरून फोन येतील. ती विचारेल, कसे आहात. आणि आपण काहीही सांगितलं तरी तिला ते खरं वाटणार नाही.

"मी गेल्यावर तुमचं कसं होईन, बाबा?"

"माही चिंता नोको..."

ते मधेच थांबले. जागृती त्यांच्याकडे बघत नव्हती. कागदाला पुन्हा जुन्याच घड्या घालत होती.

नानाजींनी दारातून आतल्या घड्याळाकडे पाहिलं. बाराला पाच कमी होते. त्यांनी घसा साफ केला.

"मी अल्लीपुरात हावो," ते म्हणाले. "अंगणात बसलो. ऊन हाय. वारा नाई."

जागृतीनं मान वर केली.

"सकाळी मी चहाचे दोन कप मांडतो. एक परत चहाच्या गंजात ओततो. वरण जमते. भाकर जमत नाई, फाटते. दोरीवर तुह्या आईचं निळं लुगडं हाय, ते मी काढलं नाई. हात जात नाई. हे हालणं किती दिवस चालन, मले मालूम नाई." ते जागृतीकडे वळले. "अन् तुले फोन केला, त्या दिवशी..."



जागृती त्यांच्याजवळ सरकली. तिनं दोन्ही हातांनी खाटेची कड घट्ट धरली.

"सांगा, बाबा," ती म्हणाली. "मी धरून बसली हावो."