कानाची शाळा

"काय रं मुक्या, आज तरी तोंड उघडशील का?" नागूने विचारले, आणि परीक्षेच्या खोलीबाहेर उभ्या असलेल्या मंडळींनी हसून घेतले.

भिवाजी बोटांवरचे तेल चिंधीने पुसत राहिला. खोपोलीच्या वीजघरात यंत्रांचे तेल पुसणारा हा कोंडाणे गावचा गडी. माणूस लढाईवर गेल्यामुळे फळ्यावरची, म्हणजे विजेचे दांडे चालविण्याची, एक जागा रिकामी झाली होती. आणि साहेबांचे इंग्रजी हुकूम ज्यास समजतील, त्यासच ती मिळणार होती. न मिळाल्यास चिंध्या व तेल हेच त्याचे जन्माचे सोबती.

"डिवचू नको त्याला," मोहियुद्दीन मिस्त्री म्हणाले. भिवाजीस इंग्रजी शिकविण्याचे त्यांनी पत्करले होते व त्यांची रीत जगावेगळी होती. पुस्तक नाही, पाठांतर नाही. ते हुकूम उच्चारीत, एकदा करून दाखवीत, मग भिवाजी तो करी. तीन महिने हेच. तोंडातून अक्षर काढण्यास मात्र सक्त मनाई. "तान्हं पोर वरीसभर नुसतं आयकतं, मंग 'आई' म्हनतं. त्याला कुनी व्याकरन शिकवलं?"

"तान्ह्या पोराला कुनी फळ्यावर उभं नाय करत, चाचा!" नागू म्हणाला, व पुन्हा हशा पिकला.

नागूने शिळफाट्याच्या मास्तरांपाशी दोनशे वाक्ये अर्थासह घोकली होती. त्याचे नाव पुकारले गेले. आतून त्याचा खणखणीत आवाज ऐकू येऊ लागला. प्रत्येक हुकूम तो जसाच्या तसा परत म्हणे, वर 'येस सर' लावी, आणि मागोमाग दांड्याचा खटका वाजे. बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा फुलला होता.

"साही दांडे वढले. येक शबूद नाय चुकला!"

भिवाजी आत गेला. भिंतीशी नमुन्याचा लाकडी फळा होता. त्यावर सहा दांडे. वीज कोठेच नव्हती.

"नंबर वन, डाउन," साहेब म्हणाले.

मनाने अर्थ लावण्यापूर्वीच भिवाजीचा हात दांड्यावर पोहोचला होता.

"से इट! रिपीट!"

याचाही अर्थ त्यास कळला. पण तीन महिन्यांत त्याने जीभ कधी चालविलीच नव्हती. साहेबांनी कागदावर फुली मारली. दुसऱ्या हुकमास दुसरी फुली, तिसऱ्यास तिसरी. भिवाजीने तिन्ही पाहिल्या, आणि ओठ घट्ट मिटून कान तेवढे उघडे ठेवले.

"नंबर फोर, डाउन. क्विक!"

हात निघाला, पण वाटेतच थबकला. चौथ्या दांड्यास तांबडी चकती टांगलेली होती. चकती दिसली की पलीकडे तारेवर माणूस चढला आहे, दांडा ओढू नये असे समजावे, आणि ज्याने ती टांगली त्यानेच ती काढावी, हा वीजघरातील दंडक झाडूवाल्यासही ठाऊक होता.

"क्विक, मॅन!" साहेबांनी टेबलावर मूठ आपटली.

फळा लाकडाचा आहे, हे भिवाजीस दिसत होते. हुकूम करणारे खुद्द साहेब आहेत, आणि आणखी एक फुली पडल्यास जागा गेलीच, हेही त्यास कळत होते. त्याने दोन्ही हात पाठीमागे नेऊन एकमेकांत गुंतविले.

साहेब खुर्ची मागे सारून उठले. फळ्यापाशी आले, आणि त्यांनी स्वतःच दांड्याकडे हात नेला.

भिवाजीने त्यांचे मनगट धरले.

"नो."

मिस्त्रींनी त्यास हा शब्द कधीच शिकविला नव्हता. ते केवळ हुकूम देत. परंतु साहेबलोकांच्या तोंडून तो त्याने रोज ऐकला होता.

साहेबांनी आधी चकतीकडे पाहिले, मग आपल्या मनगटावरील त्या तेलकट बोटांकडे.

"लेट गो," ते हळूच म्हणाले.

तोही हुकूम भिवाजीस स्वच्छ कळला. त्याने मनगट सोडले नाही.