टाळ्या नकोत

"बंद कर ते! ओकारी येतेय मला," ओझेल टिब्स म्हणाला आणि त्याने कॉफीचा कप बाजूला सारला.

व्हर्लीनने फोन बंद केला. बूट कंपनीने पाठवलेली नमुन्याची जाहिरात होती. दार उघडतं, आतून पांढराशुभ्र बूट उडी मारून बाहेर येतो आणि मागे ढोलाच्या ठेक्यावर ओझेलचा पन्नास वर्षांपूर्वीचा खणखणीत आवाज: 'कडी आतून आहे, उघडा!' याच ओळीवर एके काळी शिकागोची अख्खी दक्षिण बाजू रस्त्यावर उतरली होती. आता तिच्यावर बूट खपवायचे. शी!

"किळस मलाही आलीच की," व्हर्लीन म्हणाली. "पण ओझेल, वर छत बघ जरा. पुढच्या महिन्यात पालिका हा हॉल पाडणार. तू सही केलीस तर कंपनी सगळा दुरुस्त करून देतेय."

हॉलमध्ये तिचा जीव अडकला होता. पहिल्या रांगेतली तिसरी खुर्ची तिच्या भावाची, क्लिओटिसची. ओझेलने ओळ म्हटली की लोकांनी 'उघडली!' असं ओरडायचं, ही इथली रीत, आणि क्लिओटिसचा आवाज सगळ्यांत मोठा. गाणं पहिल्यांदा म्हटलं त्या शनिवारच्या सभेत तो असा काही ओरडला की खिडक्या हादरल्या. मंगळवारी पोलिसांनी त्याला घरातून उचललं. तो तुरुंगातच मेला. त्या खुर्चीवर व्हर्लीन अजून कुणाला बसू देत नाही.

"सही कुठे करायची म्हणतात?" ओझेलने विचारलं.

"इथे, 'कवी' लिहिलंय तिथे. आणि गाण्याचा मूळ कागद जोडायचाय."

"मूळ कागद केव्हाच जळला. आणि कवी मी नाही. गाण्याच्या तबकडीवर काय छापलंय? 'शब्द: लोकांचे.'"

"झालं याचं सुरू! अरे, किती तो मोठेपणा टाळशील? टाळ्यासुद्धा वाजवू देत नाहीस. कुणी हात उचलले की कार्यक्रम अर्धा टाकून चालू लागतोस."

"टाळ्या नकोतच. हे गाणं विकून जे छत येईल, त्याच्याखाली मला बसवणार नाही, व्हर्लीन. क्लिओटिसच्या खुर्चीकडे तर बघवणारही नाही."

भावाचं नाव निघालं आणि तिचे डोळे भरून आले. तिने कराराचा कागद उभा फाडला.

"पडू दे हॉल! विकले गेलेले ढिगाने पाहिले मी. पुढारी, पाद्री, गवई, एकजात सगळे. तू तेवढा राहिलास बाबा."

तिने मक्याच्या पावाचा मोठा तुकडा कागदात गुंडाळून त्याच्या हातात दिला. मग राहवलं नाही म्हणून त्या रिकाम्या हॉलमध्ये तिने एकटीनेच टाळ्या वाजवल्या. ओझेल मान खाली घालून घाईघाईने बाहेर पडला.

घरी येऊन त्याने दार लावून घेतलं. पाव तसाच टेबलावर टाकला. जुन्या ढोलाचं कातडं सैल करून आत हात घातला आणि जळला म्हणून सांगितलेला कागद बाहेर काढला. पिवळा पडला होता. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळं गाणं टाइप केलेलं. वर सरकारी शिक्का, आणि खाली त्याला पन्नास वर्षं पाठ असलेली सूचना:

'टिब्सने हे शनिवारच्या सभेत म्हणावे. सर्वांत मोठ्याने दाद देणाऱ्यांची नावे सोमवारपर्यंत कळवावीत.'