तीन वाजून दोन मिनिटं

"हे बघा भाऊजी, यादीत आहे. तीन वाजून दोन मिनिटांनी ते बाहेर पडलेत." कंपनीच्या गेटवर रामदासची बायको मला सांगत होती. रडून रडून सुजलेल्या तिच्या चेहऱ्यावर आता जरा जीव आला होता. "चहाला थांबले असतील कुठंतरी."

आत प्लांट जळत होता. फायर ब्रिगेडच्या साहेबांनी हजेरीच्या पंचिंग मशीनची यादी मिटली. "सगळे बाहेर आहेत. कोणी आत जाऊ नका, लांबूनच पाणी मारा."

शिफ्ट सुटली की रामदास प्लांटमागच्या बाथरूममध्ये दोनदा साबण लावून अंघोळ करायचा. केमिकलचा वास येतो म्हणून लेक जवळ येत नाही, म्हणायचा. पंचिंगच्या रांगेत थांबलं तर बस चुकते, म्हणून आपलं कार्ड माझ्याकडे द्यायचा. मी आधी माझं लावायचो, मग त्याचं. मशीनला दोन्ही सारखीच. मग बसमध्ये त्याच्यासाठी खिडकीची जागा धरायचो.

आजही धरली होती. तेवढ्यात स्फोट झाला.

दुसऱ्याचं कार्ड पंच केलं तर दोघांचीही नोकरी जाते. मागच्या दारानं निघाला असेल, येईल, असं मनाला सांगत मी तासभर गप्प राहिलो.

"साहेब, रामदास आत आहे!" मी ओरडलो आणि खिशातून त्याचं कार्ड काढलं.

ते वहिनींनीच घेतलं. त्यावर लेकीनं चिकटवलेल्या फुलपाखराच्या स्टिकरवरून त्यांनी अंगठा फिरवला.

"म्हणजे," त्या हळूच म्हणाल्या, "ते अजून अंघोळच करताहेत?"